जेलीफिश प्रोजेक्ट: बाटलीतल्या नमुन्याच्या मागे लागू नका

दादा, मुलीला सायन्स एक्झिबिशनला लायन्स मेन जेलीफिश करायचीय आणि नाशिकमध्ये खरा नमुना कुठे मिळेल असं विचारलंय तुम्ही, वाचून आमचे ते दिवस आठवले. माझ्या मुलाचाही हाच विषय. थर्माकोल, रंग वगैरे तुम्हाला माहितीच असणार, ते सोडतो.

नमुन्याचा नाद सोडा. हा प्राणी आर्क्टिक, उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिकच्या गार पाण्यातला, आपल्याकडच्या बाटलीत कुठून येणार? आम्हाला एका संस्थेच्या प्राणीशास्त्र विभागाने (नाव घेत नाही) आधी शाळेचं पत्र आणा, मग पत्रावर शिक्का नाही, मग साहेब रजेवर, असं करत करत एक्झिबिशनच्या आदल्या दिवशी बाटली दिली, लेबल 'जेलीफिश'. आत ब्लू बॉटल! पावसाळ्यात मुंबईच्या बीचवर वाहून येते ती. ती खरी जेलीफिश नाहीच, बऱ्याच छोट्या जीवांची मिळून झालेली वसाहत असते. परीक्षक बाईंनी बघताक्षणी ओळखलं आणि पोरगं जे गप्प झालं ते झालंच. विभागात सांगायला गेलो तर म्हणे लेबल जुनं आहे, आम्ही नाही लावलं. अहो मग काढा ना! अजून तसंच असेल.

आता माझं मत, पटलं तर घ्या. सगळे नुसती मोठी छत्री करतात आणि १८६५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला अगासी नावाच्या शास्त्रज्ञाने मोजलेला आकडा लिहितात, छत्री ७ फूट, तंतू १२० फूट. लिहा की, पण ही छत्रीवाली अवस्था साधारण वर्षभराची. खरी मजा पॉलिपमध्ये, म्हणजे त्याआधीच्या, एका जागी चिकटून राहणाऱ्या अवस्थेत. मादी फलित अंडी तोंडाजवळच्या झालरीत सांभाळते, त्यातून निघालेली प्लॅन्युला अळी कुठेतरी कठीण जागी चिकटते आणि काही मिलिमीटरचा पॉलिप होतो. निफाडच्या द्राक्षवाल्यांना ज्या थंडीची धास्ती असते तशी थंडी याला लागतेच, त्याशिवाय पुढचं गाडं हलत नाही. गारठ्यात पॉलिपला आडव्या चिरा पडत जातात, बशांच्या चळतीसारखा दिसतो, आणि एकेक बशी सुटून इफायरा म्हणजे पिल्लू जेलीफिश होते. पॉलिप मागे राहतो, पुढे परत पिल्लं सोडू शकतो. हे मोठं करून वेगळं दाखवा, तिथेच मार्क मिळतात.

मुख्य मॉडेल अगासीच्या त्या मापाच्या एकास वीस करा, म्हणजे छत्री साधारण साडेदहा सेंमी आणि तंतू पावणेदोन मीटरच्या थोडे वर, स्टूलावर उभं राहून टांगता येतं. छत्रीला ८ पाळ्या, तंतूंचे ८ झुपके. खऱ्या झुपक्यात ७० ते १५० तंतू असतात, तुम्ही दहा-दहा लावा, कोणी मोजत नाही.

परीक्षक हमखास विचारतात, मेलेली जेलीफिश डंख मारते का? मारते. २०१० मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एका बीचवर एकाच मेलेल्या लायन्स मेनच्या तुकड्यांनी १५० च्या आसपास लोकांना डंख झाला, कारण डंखपेशी मेल्यावरही सुटतात. उपचाराचं विचारलं तर, मी डॉक्टर नाही, पण २०१७ च्या एका अभ्यासात या जातीसाठी व्हिनेगर आणि ४५ अंशाचा शेक चांगला ठरला, समुद्राचं पाणी आणि बर्फाने उलट त्रास वाढला.

आणि हो, तंतूंना तंगूस वापरणार असाल तर नेताना प्रत्येक झुपक्याला रबरबँड लावा, रिक्षात जो गुंता होतो तो तिथे सुटत नाही.