फडातली मुलं : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की मराठवाड्यातले तांडे-वस्त्या ओस पडतात. त्यामुळे यंदाच्या पत्रांत ऊसतोडीच्या मुलांचेच प्रश्न जास्त आहेत.

बीड जिल्ह्यात तांड्यावर शिक्षिका आहे. दिवाळीनंतर चौथीचा वर्ग निम्माच उरतो. पालकांना कसं समजावू?

बाई, समजावण्याआधी एवढंच विचारा, की मागे घरी कोण राहणार आहे? मुलाला ठेवायला कुणी नसतं म्हणून ते बरोबर जातं आणि फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, गेलं की कामाला लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब टनावर. बाळापाशी आई थांबली तर तोड थांबली, म्हणून थोरली पोर बाळ सांभाळते. हिशेबात तिचं नाव कुठेच नसतं. एका फडात मी नऊ वर्षांची मुलगी पाहिली. कडेवर सहा महिन्यांचा भाऊ, डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, पाचटानं पोटऱ्यांवर बारीक चिरा पडलेल्या. कितवीला आहेस विचारलं तर म्हणाली, "तिसरीला होते."

तेव्हा जिथे आजी-आजोबा आहेत तिथे हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडून टोळ्या निघायच्या आधीच पाठपुरावा करा. नाव वसतिगृह असलं तरी मुलं झोपतात घरीच, तिथे दोन वेळ जेवतात, शाळा सुटत नाही. जी जाणारच आहेत त्यांच्या हातात तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे आईबापांना दोनदा सांगा. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगलीकडचा ऊस उत्पादक आहे. टोळी कारखाना पाठवतो, मुलं आईबापांना मदत करतात. घरच्या कामाला कायद्यात सूट आहे ना?

आहे, पण तुम्ही समजता तशी नाही. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं सरसकट बंद केलं. कुटुंबाला मदत चालते ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. जानेवारीतल्या सोमवारी सकाळी दहाला कसली सुट्टी? आणि तोड ही त्या कुटुंबाची शेती नव्हे, कारखान्याचं काम आहे.

टोळी उतरली त्याच दिवशी गावच्या मुख्याध्यापकांना कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, घेऊन जा. शिवाय तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हेही विचारा, की कोप्यांजवळ पाळणाघर का नाही? बाळाला सांभाळणारं कुणी मिळालं तर थोरली मुलगी शाळेत जाईल. हा प्रश्न सभासदानं विचारला तर संचालकांना उत्तर द्यावं लागतं, आमच्यासारख्यांनी विचारला तर ते टाळता येतं.

पुण्यात ऑफिसजवळच्या टपरीवर बारा वर्षांचा मुलगा कपबशा धुतो. काय करू?

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मालकाशी आधी भांडू नका, मुलगा रातोरात दुसरीकडे हलवला जातो. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. मुलाचं पुढे काय करायचं ते बालकल्याण समिती ठरवते.

नवरा अंथरुणाला खिळला, ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही. टोळीचा मुकादम म्हणतो, दहावीतल्या पोराला पाठव.

ताई, पाठवू नका. बापानं घेतलेल्या उचलीपोटी मुलाला जबरदस्तीनं राबवता येत नाही. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आहे आणि त्या जाचातलं कर्जही त्याच कायद्यानं रद्द होतं. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. उचल किती, फिटली किती, मुकादम घरी कधी आला, काय बोलला, हे मुलाकडून तारखांसह लिहून घ्या. तेच अर्ज म्हणून तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. एकट्या जाऊ नका, गावातली दोन माणसं बरोबर न्या. आणि दहावीचा परीक्षा अर्ज भरायची शेवटची तारीख शाळेत आजच विचारा.