पोरगं रिंगमध्ये का उतरतंय?

"मॅडम, मारामारीचा नाद लागलाय वो पोराला. कॉलेज सोडतो म्हणतोय, पैशाच्या बॉक्सिंगमध्ये जाणार म्हणे. गरिबाच्या पोरांनीच मार खायचा का?"

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडायला जाणाऱ्या एक ताई गेल्या वर्षी सल्ला विचारायला आल्या आणि माझ्यापुढे बसून हे म्हणाल्या. बोटांची पेरं पिवळी. शेजारी वीस वर्षांचा मुलगा, मुठींवर बॉक्सिंगच्या पट्ट्या तशाच. आई बोलत होती तोवर तो त्या सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. अशी काळजी घेऊन येणारे आईवडील वरचेवर भेटतात, म्हणून ओळख पुसून ही हकिकत लिहिते आहे.

त्याला एकट्याला बसवून विचारलं, "बॉक्सिंगच्या आधी काय व्हायचं होतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पोलीस." दोन वर्षं पहाटे उठून धावला होता. शिपायाला उंची १६५ सेंटिमीटर लागते, याची १६३ भरली. "बॉक्सिंगमध्ये वजनाचा गट बघतात मॅडम. उंची कोण विचारत नाही."

मला वाटतं, सगळं या दोन वाक्यांत होतं. नाद मारामारीचा नव्हताच. एक दार तोंडावर बंद झालं होतं.

ताईंच्या प्रश्नालाही उत्तर हवं होतं. अमेरिकेतल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५२ साली शिकागोच्या बॉक्सरांचा अभ्यास मांडला. रिंगमध्ये आधी आयरिश पोरं जास्त, मग ज्यू, मग इटालियन, मग कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतला बेनी लेनर्ड १९१७ ते १९२५ जगज्जेता होता. पुढच्या पिढ्यांना कॉलेज, धंदा, नोकरी मिळत गेली तशी ज्यू पोरं रिंगमधून कमी झाली. त्यांच्या मनगटातला जोर काही आटला नव्हता. कमावण्याच्या दुसऱ्या वाटा मोकळ्या झाल्या होत्या. हे सांगितलं तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे पोरात खोट नाही."

नव्हतीच. पण नुसती गरिबीही नव्हती. गरीब घरातली सगळीच पोरं काही ग्लोव्ह्ज घालत नाहीत. त्याला खेळाची खरी गोडी होती आणि ती मोडायचा मला अधिकार नव्हता. मी फक्त हिशेब समोर ठेवला. हौशी लढत तीन फेऱ्यांची. व्यावसायिक, म्हणजे पैशाच्या, लढती पुढे बारा फेऱ्यांपर्यंत जातात. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा २००८ चं ऑलिंपिक कांस्य गाठीशी होतं आणि हरियाणा पोलिसातली नोकरीही. "तुझ्या गाठीशी काय आहे?" असं विचारलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी लागते. शिवाय पदवी असली तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. ठरलं ते इतकंच: पदवी पूर्ण करायची, तोवर हौशी स्पर्धा खेळायच्या, आणि व्यावसायिक व्हायचं की नाही हे त्यानंतर त्यानेच ठरवायचं.

मागच्या महिन्यात ताई एकट्याच आल्या. शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरलाय म्हणाल्या. विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी चालू आहे.

"पट्ट्या आता मीच धुते. माझ्या हातानं पिवळ्या होतात, मग चिडतोय. पण घालतोय त्याच."