सांगलीत १७ वर्षांच्या मुलाला क्लासला जायला स्कूटर द्यावी का?

नका देऊ. १६ व्या वर्षी लायसन मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. घरची ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. पोरगा सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५ हजार दंड नि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१८ पूर्ण झाल्यावर लर्निंग काढा, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट. आठचा आकडा जमेलच हो! आपल्याकडे खरी परीक्षा गळीत हंगामात, अंधार पडल्यावर. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वेग कमी ठेवणं, समोरून लाइट दिसला की ओव्हरटेक टाळणं, हे तुम्हीच मागे बसून शिकवा. आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लावा.