‘डिस्क वाचत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

गेम कन्सोलविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत एवढंच वाक्य असतं: ‘डिस्क वाचत नाही, काय करू?’ डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यातला हा प्रकार. डिस्क मळलेली असेल, तिच्यावर चरा असेल, लेन्सवर धूळ बसली असेल, लेझर थकला असेल किंवा डिस्क फिरवणारी मोटर अडत असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की बरं असलेलंही बिघडतं. पुढच्या वेळी लिहिताना कन्सोलचा पूर्ण मॉडेल नंबर, इतर डिस्क चालतात का आणि डिस्क आत गेल्यावर आवाज कसा येतो, एवढं तरी कळवा. आता आलेले प्रश्न.

एकच गेम चालत नाही, बाकी सगळे व्यवस्थित चालतात. ड्राइव्ह बदलून घ्यावा का?

नाही. दोष डिस्कचा आहे.

माझ्या प्लेस्टेशन ४ मध्ये गाण्यांची एकही सीडी चालत नाही. लेन्स गेली का?

लेन्स ठीक असणार. प्लेस्टेशन ४ आणि ५ ऑडिओ सीडी वाचतच नाहीत, त्यांत ती सोयच दिलेली नाही.

प्लेस्टेशन ४ वर सिनेमाच्या डीव्हीडी छान चालतात, पण गेमची एकही डिस्क ओळखली जात नाही. ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा’ असं एकानं सांगितलं. मारू का?

मुळीच नको. फॉरमॅट मारलात तर साठवलेला खेळ जाईल आणि ड्राइव्ह होता तसाच राहील.

डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो. प्लेस्टेशन ४ चे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात आणि त्यांना ४०५ नॅनोमीटरचा जांभळट-निळा लेझर लागतो. दोन्ही एकाच ड्राइव्हमध्ये बसवलेले असले तरी ते वेगळे डायोड, म्हणजे लेझरचा प्रकाश देणारे सुटे भाग, आहेत, त्यामुळे एक थकला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. डीव्हीडी चालते याचा अर्थ मोटर फिरते आहे आणि डिस्क नीट पकडली जाते आहे. राहिला निळा लेझर किंवा लेन्सवरची धूळ. ब्लू-रेवरच्या खुणा फार बारीक असतात, त्यामुळे जी धूळ डीव्हीडीला जाणवतही नाही ती ब्लू-रेला आडवी येते.

समाधानासाठी काही करायचंच असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘रीबिल्ड डेटाबेस’ एवढंच करा, त्यानं गेम पुसले जात नाहीत. ‘इनिशियलाइज’ला, म्हणजे सगळं पुसणाऱ्या पर्यायाला, हात लावू नका. त्यानंतरही स्थिती तीच असेल तर तंत्रज्ञाला वरची लक्षणं याच शब्दांत सांगा. त्याचा निम्मा वेळ वाचेल आणि तुम्हाला भलतंच कारण सांगणं त्याला जरा अवघड जाईल.

डिस्कवर ओरखडे होते. टूथपेस्ट लावून घासा, असं सगळीकडे सांगतात म्हणून घासली. आता आधी चालायची तेवढीही चालत नाही.

‘सगळीकडे सांगतात’ हे आधी सोडा. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात, तेच दात घासतात आणि तेच डिस्कही घासतात. प्रश्न एवढाच की घासायला प्लास्टिक किती शिल्लक आहे. सीडीत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून साधारण १.२ मिलिमीटर आत, अगदी छापील बाजूला चिकटून असतो. डीव्हीडीत तो मधोमध, ०.६ मिलिमीटरवर. ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटरवर, आणि त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून एक कडक लेप दिलेला असतो. तुम्ही घासलात तो हाच लेप. प्लेस्टेशन ३ पासून पुढचे किंवा एक्सबॉक्स वनपासून पुढचे गेम असतील तर पॉलिशचा विषयच नको, घरी नको आणि दुकानातही नको.

प्लेस्टेशन २ किंवा एक्सबॉक्स ३६० यांसारख्या जुन्या कन्सोलच्या डीव्हीडीवर उथळ चरा असेल तर चांगल्या यंत्रावर पॉलिश करून उपयोग होतो. पण आधी डिस्क दिव्यासमोर धरून आरपार पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर चमकणारा थरच उडालेला आहे, तिथे कुठलंच यंत्र काही करू शकत नाही. सीडीच्या बाबतीत छापील बाजूचा ओरखडा खालच्या बाजूपेक्षा घातक, कारण तिथे थराच्या वर केवळ वार्निश असतं. डिस्क छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहते, हा समज त्यामुळे सीडीपुरता तरी उलटाच आहे.

नुसता मळ असेल तर मऊ, किंचित ओलसर फडक्यानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार मागावर लिहिलेली असते. आडवा चरा गेला तर मागातला थोडासाच भाग जातो आणि कन्सोल तो दुरुस्त करून वाचतो, पण मागाबरोबर जाणारा चरा सलग माहिती खातो.

मुलानं खेळता खेळता उभा ठेवलेला एक्सबॉक्स ३६० आडवा केला. डिस्कवर कंपासनं काढल्यासारखं वर्तुळ उमटलंय.

फिरती डिस्क ड्राइव्हच्या आतल्या भागाला घासली. या कन्सोलबाबत ही तक्रार जुनी आहे. चरा नखाला लागत असेल तर त्या डिस्कचा नाद सोडा, लागत नसेल तर पॉलिशवाल्याला दाखवा. डिस्क आत असताना कन्सोल हलवायचा नाही, हे मुलाला एकदा सांगून ठेवा.

लेन्स क्लीनर डिस्क वापरावी का? पाकिटावर ‘सर्व कन्सोलसाठी’ असं लिहिलंय.

पाकिटावर काहीही लिहितात. त्या डिस्कला खालून बारीक ब्रश चिकटवलेले असतात आणि ती फिरताना ते लेन्सवर आपटत जातात. लेन्स मसुराएवढी, आणि केसासारख्या तारांवर अधांतरी टांगलेली, कारण डिस्कच्या हालचालीबरोबर तिला सतत वर-खाली व्हावं लागतं. अशा भागावर कुठला ब्रश किती जोरानं आदळेल हे पाकीट छापणाऱ्याला ठाऊक नसतं. माझं मत विचाराल तर घेऊ नका. लेन्स पुसायची तर ड्राइव्ह उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीनं, अजिबात दाब न देता. अॅसिटोन, म्हणजे बरीचशी नेलपॉलिश रिमूव्हर, प्लास्टिक विरघळवतं. वॉरंटी चालू असेल तर यातलंही काही न करता आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

प्लेस्टेशन २ च्या लेझरजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की डिस्क पुन्हा वाचते असं पाहिलं. किती फिरवायचा?

फिरवायचा नाही. त्या स्क्रूनं लेझरला जाणारा विद्युतप्रवाह बदलतो. थकलेल्या डायोडला जास्त प्रवाह दिला की तो काही दिवस जोरात चालतो आणि मग कायमचा जातो. शिवाय मोजमापाशिवाय फिरवताना मूळ जागा हरवली की ती परत सापडत नाही. झाकण काढून कन्सोल चालू करणं तर त्याहून वाईट. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही आणि इजा मात्र होते. निळ्या पाठीच्या डिस्क चालतात आणि चंदेरी चालत नाहीत, किंवा उलट, असं आहे का ते पाहा. निळ्या पाठीच्या सीडी असतात, चंदेरी डीव्हीडी, आणि दोघींचे डायोड वेगळे. ते पाहून पूर्ण लेझर युनिट बदलणारा जाणकार गाठा.

एक्सबॉक्स वनचा ड्राइव्ह खराब झाला म्हणून तसाच नवा ऑनलाइन मागवला आणि दुकानातून बसवून घेतला. तरी गेम ओळखत नाही. आता दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला. जुना ड्राइव्ह त्याच्याकडेच राहिला.

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी उशिरा येतो, म्हणून जरा सविस्तर.

मदरबोर्ड, म्हणजे कन्सोलचा मुख्य सर्किट बोर्ड, गेलेला नसण्याचीच शक्यता जास्त. एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स वन, प्लेस्टेशन ४ ची सुरुवातीची मॉडेलं, प्लेस्टेशन ५, या सगळ्यांत ड्राइव्हवरचा छोटा सर्किट बोर्ड आणि कन्सोलचा मदरबोर्ड कारखान्यातच एकमेकांशी जोडलेले असतात. दोघांकडे एक सामायिक गुप्त किल्ली असते. नक्कल केलेल्या डिस्क चालू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह हुबेहूब तसाच असला, अगदी कोरा असला, तरी त्याच्याकडे तुमच्या मदरबोर्डची किल्ली नसते. मोटर फिरते, डिस्क आत जाते, आणि गेम नाकारला जातो.

म्हणून योग्य पद्धत अशी: नव्या ड्राइव्हची यांत्रिक बाजू, म्हणजे लेझर आणि मोटर, घ्यायची आणि त्यावर जुन्या ड्राइव्हचा मूळ बोर्ड बसवायचा. काम नाजूक आहे, चपट्या फिती आणि काही ठिकाणी डाखही लागतो, पण नेहमी ही दुरुस्ती करणाऱ्याला नवीन नाही. ज्याला हे ठाऊकच नाही तो पूर्ण ड्राइव्ह बदलतो, जुना टाकून देतो आणि वर मदरबोर्डचं बिल लावतो. ज्याला ठाऊक असूनही तो हेच करतो, त्याच्याबद्दल काय लिहावं! मूळ बोर्ड एकदा भंगारात गेला की त्या कन्सोलवर डिस्कचा गेम चालवणं जवळपास विसरायचं.

तेव्हा उद्यावर न ढकलता आजच दुकानात जा आणि जुना ड्राइव्ह मागून घ्या, कितीही मोडका असला तरी. तो मिळाला तर दुसऱ्या तंत्रज्ञाला दाखवा. इतरांसाठी: कन्सोल दुरुस्तीला टाकण्याआधी ‘मूळ ड्राइव्ह बोर्डच नव्या ड्राइव्हवर बसवणार का?’ असं स्पष्ट विचारा. प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर कन्सोल उचला आणि घरी या. पावतीवर ‘काढलेला भाग परत द्यायचा’ असं लिहून घ्या. ड्राइव्हवरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. मॉडेलनुसार रचना बदलते, त्यामुळे सुटा भाग मागवण्याआधी मॉडेल नंबर सांगून तंत्रज्ञाचं मत घ्या, आधी मागवून मग विचारू नका. २०२३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या सडपातळ मॉडेलचा ड्राइव्ह मात्र काढता-घालता येतो. तिथेही पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करावीच लागते.

गेले काही महिने डिस्क चौथ्या-पाचव्या वेळी तरी वाचतेच. गेम हार्ड डिस्कवर उतरवून घेतले आहेत, त्यामुळे घाई नाही ना?

आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ वर डिस्कवरून उतरवलेला गेमही सुरू होताना डिस्क मागतो, ती तुमच्या मालकीचा पुरावा असते. ड्राइव्ह पूर्ण बंद पडला की उतरवलेले गेमही उघडणार नाहीत. कित्येक महिने वाट पाहून काय साधलं?

दुरुस्तीआधी सेव्ह फाइलींची प्रत काढा, कारण सेवा केंद्रात कन्सोल पुसला जाऊ शकतो. प्लेस्टेशन ४ वर ती पेन ड्राइव्हवर घेता येते. प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह मात्र असे सुटे पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी सशुल्क सदस्यत्वातली क्लाउडची सोय आहे.

जुना प्लेस्टेशन ४ मध्येच बीप करून आपोआप डिस्क बाहेर टाकतो.

हा वाचण्यातला दोषच नाही. त्या मॉडेलचं इजेक्टचं बटण स्पर्शावर चालतं, आणि तळाचा रबरी पाय वर दाबला गेला की बोट लागल्यासारखा भास त्याला होतो. पाय किंचित खाली ओढून पाहा. फरक पडला नाही तर बटणाची पट्टी तपासून घ्या, ड्राइव्ह बदलायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

थंडीतून कन्सोल उबदार खोलीत आणला आणि लगेच लावला. एकही डिस्क घेत नाही.

लेन्सवर दव धरलं असेल. डिस्क काढा, वीज बंद करा आणि काही तास तसाच राहू द्या. हेअर ड्रायर मारू नका. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर तंत्रज्ञाकडे न्या.