डेली सोपमधला साबण आला कुठून?

प्रश्न: मी आणि सासूबाई रोज जेवणं उरकून मालिका बघतो, मुलगा म्हणतो झालं का तुमचं डेली सोप सुरू. सोप म्हणजे साबण ना? मग मालिकेला साबण का म्हणतात, आणि पूर्ण नावात ऑपेरा पण आहे, तो कशाला?

उत्तर: ताई, साबण खराखुरा आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या मालिका लागायच्या, सोमवार ते शुक्रवार, आणि त्या ऐकायच्या कोण तर घरी कपडे धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायका, म्हणून पैसा घातला प्रॉक्टर अँड गॅम्बल, कोलगेट-पामोलिव्ह अशा साबणवाल्या कंपन्यांनी. 'मा पर्किन्स' ही तर ऑक्सिडॉल नावाच्या धुण्याच्या पावडरीची मालिका, १९३३ ते १९६० चालली. लाकडाची वखार चालवणारी एक विधवा आणि तिचं गाव, एवढंच कथानक. त्या आईचं काम व्हर्जिनिया पेनने सुरू केलं तेव्हा ती फक्त २३ वर्षांची होती आणि शेवटपर्यंत तीच होती!

ऑपेराचं म्हणाल तर ते म्हणजे पाश्चात्यांचं भारदस्त संगीत नाटक, पण सोप ऑपेराचा गाण्याशी काही संबंध नाही. काउबॉयच्या सिनेमांना तिकडे आधीच 'हॉर्स ऑपेरा' म्हणायचे, त्याच चालीवर हे, म्हणजे घरातली साधी भांडणं आणि आव मात्र ऑपेराचा, असं हिणवायला ठेवलेलं नाव.

मला हे हिणवणं पटत नाही. या प्रकाराचा पाया घातला अर्ना फिलिप्स या बाईंनी, आधी शिक्षिका होत्या, १९३० ला शिकागोच्या रेडिओवर 'पेंटेड ड्रीम्स' लिहिली आणि त्यात स्वतः काम पण केलं, नंतर मालिकेच्या हक्कावरून स्टेशनशी भांडण कोर्टात गेलं, त्या हरल्या, तरी थांबल्या नाहीत. एकेका पात्राचा आवाज काढत संवाद बोलायच्या आणि सेक्रेटरी भराभर उतरवून घ्यायची. त्यांची 'गायडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर आली, १९५२ ला टीव्हीवर गेली आणि थेट २००९ ला संपली, म्हणजे ७२ वर्षं. नुसता साबण खपवायला केलेली गोष्ट लोक इतकी वर्षं ऐकतील का हो?

आपल्याकडे १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' आली तेव्हा तिच्यामागे साबण नव्हताच, मॅगी नूडल्स होत्या, पण तोवर नाव पक्कं झालेलं.