काळ्या वाळूत लोह कमी दिसतंय? आधी स्पेक्ट्रमचं उजवं टोक बघा

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कणांवर इलेक्ट्रॉनचा झोत (बीम) मारून, निघालेल्या क्ष-किरणांच्या स्पेक्ट्रमवरून (कुठल्या ऊर्जेचे किती, त्याचा आलेख) काढलेला मूलद्रव्यांच्या टक्क्यांचा तुमचा तक्ता बघितला आणि जुनं दुखणं वर आलं. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीची काळी वाळू, इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवून पॉलिश केलेली, वर वाहक कोटिंग नाही, यंत्रावर १५ किलोव्होल्ट. लोह टायटॅनियमच्या जेमतेम ०.७ पट. त्यावरून तुम्ही म्हणताय की इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या काळ्या खनिजातलं लोह धुऊन जाऊन त्याचं ल्युकोक्सीन (मुख्यतः टायटॅनियम उरलेलं रूप) झालंय. असेलही. पण आजूबाजूला सगळा जांभा, म्हणजे पावसापाण्याने कुजलेला खडक, दिसत असताना ही गोष्ट फार चटकन पटते, आणि तिथेच फसायला होतं.

शुद्ध इल्मेनाइटमध्ये वजनाने लोह ३६.८ टक्के, टायटॅनियम ३१.६, म्हणजे १.१७ पट. आता हिशोब बघा. अणूच्या सगळ्यात आतल्या के कवचातला इलेक्ट्रॉन उडवायला (तेव्हाच त्या मूलद्रव्याची क्ष-किरण रेषा निघते) लोहाला ७.११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही) लागतात, टायटॅनियमला ४.९७. आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा या उंबरठ्याच्या किती पट, यावर सगळं ठरतं. १५ केईव्हीला लोहासाठी २.१ पट, टायटॅनियमसाठी ३. पण कोटिंग नसलेल्या इपॉक्सीवर ऋण भार साचून पृष्ठभाग उणे ५ किलोव्होल्टला गेला, तर इलेक्ट्रॉन १० केईव्हीनेच आदळतो. मग लोहाला उरतात १.४ पट, टायटॅनियमला २. जाड नमुन्यात रेषेची तीव्रता ढोबळमानाने (पट वजा १) च्या १.६७ व्या घाताने बदलते. टायटॅनियम तिसऱ्या हिश्श्यावर येतं, लोह पाचव्याच्याही खाली. सॉफ्टवेअर १५ धरूनच दुरुस्त्या करतं, वर बेरीज १०० ला आणून ठेवतं. १.१७ चं ०.७ झालं, आणि तक्ता एकदम गुळगुळीत!

इल्मेनाइट स्वतः बऱ्यापैकी वाहक आहे, त्याचा दोष नाही. त्याच्याभोवतीचं रेझिन घात करतं.

तपासायचं कसं? स्पेक्ट्रम लॉग स्केलवर टाका आणि रेषांखालची सलग पार्श्वभूमी उजवीकडे कुठे संपते ते बघा. ड्युएन आणि हंट यांनी १९१५ साली दाखवलेली ही मर्यादा आहे: आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त ऊर्जेचा फोटॉन (क्ष-किरणाचा कण) निघत नाही. टोक १५ च्या आसपास हवं. १०-११ लाच संपत असेल तर टक्के केराच्या टोपलीत. डेड टाइम (एक फोटॉन मोजताना डिटेक्टर अडकून असतो तो वेळ) जास्त असेल तर दोन फोटॉन एकत्र मोजले जाऊन टोकापलीकडेही थोडी गणती दिसते, म्हणून बीमचा प्रवाह कमी करून बघा.

मला सगळ्यात महाग पडलं ते इथेच. एका तपासणी केंद्राने (नाव घेत नाही) आलेख ० ते ८ केईव्हीचा छापून दिला. म्हणजे नेमकं टोकच कापलेलं. मूळ फाइल मागितली तर "टक्के दिलेत की!" तेव्हा पैसे भरायच्या आधीच लिहून घ्या: ० ते २० केईव्ही, मूळ स्पेक्ट्रम फाइल, आणि १०० ला न आणलेली बेरीज.

उपाय साधा आहे. कार्बनचं १५-२० नॅनोमीटर कोटिंग, आणि कोटिंगपासून स्टबपर्यंत (नमुना ज्यावर बसतो ती धातूची बैठक) सिल्व्हर पेस्टचा पट्टा. हा पट्टा विसरला तर कोटिंग असूनही उपयोग शून्य. सोनं नको, त्याची एम रेषा २.१२ ला येते आणि झिरकॉन खनिजातल्या झिर्कोनियमच्या २.०४ च्या रेषेवर चढून बसते. लोहासाठी मी २० किलोव्होल्टच घेईन, मात्र तेव्हा बीम दोनेक मायक्रॉन आत पसरतो, बारीक कडा मोजायची असेल तर ते चालणार नाही.

जाता जाता: व्हॅनेडियम दिसलं तर हुरळू नका, ४.९५ ची त्याची रेषा टायटॅनियमच्या ४.९३ च्या के-बीटा रेषेला चिकटलेली असते. समुद्राचं मीठ जावं म्हणून वाळू डिस्टिल्ड पाण्याने धुवा, सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पाणी पांढुरकं होईनासं होईपर्यंत. पावसाळ्यात इपॉक्सीचा ब्लॉक डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

एवढं करूनही टोक १५ ला आणि गुणोत्तर ०.७ च राहिलं, तर कणाचा गाभा आणि कडा वेगळी मोजा. लोह खरंच गेलं असेल तर ते कडेने आणि भेगांच्या बाजूने आधी गेलेलं असतं. सगळ्या कणभर एकसारखं कमी दिसलं तर मी अजूनही यंत्राकडेच बोट दाखवेन.