पाच हजार रुपये कसे आले, ते आधी सांगा

कराडच्या एका भगिनींचे सहा पानी पत्र समोर आहे. २०२२ च्या मध्यावर त्यांनी घराच्या पडवीत प्रिंटर आणि हीट प्रेस मांडून मगांवर नावे, फोटो, बोधचिन्हे छापून देण्याचा व्यवसाय सुरू केला. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती तालुक्यातल्याच एका पतसंस्थेची : पंचविसाव्या वर्धापनदिनी सभासदांना वाटण्यासाठी ६०० मग, नगाला १३० रुपये, एकूण ७८,००० रुपये. त्यांपैकी २०,००० आगाऊ मिळाले. १२ डिसेंबर २०२२ रोजी खोकी संस्थेच्या कार्यालयात पोचली आणि पुढच्याच आठवड्यात समारंभात मग वाटूनही झाले. त्यानंतर मगांवर ‘वर्धापनदिन’ऐवजी ‘वर्धापणदिन’ छापले गेल्याचे कारण पुढे करून संस्थेने उरलेले पैसे अडवले, आणि अधूनमधून तगादा लावत या भगिनी आजवर थांबल्या. आज बाकी ५३,००० रुपये आहे. पोलिसांत तक्रार करावी की ग्राहक आयोगाकडे जावे, आणि त्या ‘ण’चा दोष कोणाचा धरला जाईल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे अडकल्याची पत्रे दर महिन्याला येतात. मंडपवाले, आचारी, फ्लेक्सवाले, शिलाईकाम करणाऱ्या महिला, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच असते. त्यामुळे ग्राहक आयोग विक्रेत्यासाठी नसतो आणि पोलिस उधारी वसूल करून देत नाहीत, एवढे सांगून पुढे जातो. तुमच्या पत्राची साडेचार पाने त्या ‘ण’वर खर्च झाली आहेत. निकाल ज्यावर लागणार आहे ते वाक्य पाचव्या पानाच्या तळाशी, कंसात आले आहे : ‘मधे ७ ऑगस्ट २०२३ ला पाच हजार आले होते.’ ते कसे आले, हे तुम्ही लिहिलेले नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते मुदतीच्या हिशेबावरून कळेल. विकून पोचवलेल्या मालाची किंमत मागण्यासाठी मुदत अधिनियम, १९६३ तीन वर्षे देतो. उधारीचा ठरावीक काळ नसेल तर ही तीन वर्षे माल पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तुमची मुदत १२ डिसेंबर २०२५ रोजी संपते. हे उत्तर मी १७ नोव्हेंबरला लिहितो आहे. मधे पंचवीस दिवस उरले आहेत. तुमच्या बिलाच्या तळाशी ‘३० दिवसांत रक्कम अदा करावी’ अशी छापील ओळ आहे, आणि ती उधारीची ठरलेली मुदत मानली गेली तर हिशेब ११ जानेवारी २०२६ पर्यंत जातो. तो रविवार आहे, म्हणून सोमवारही चालेल. पण ती ओळ तुम्ही एकतर्फी छापलेली आहे, संस्थेने ती मान्य केल्याची सही कुठेच नाही, तेव्हा तिच्या भरवशावर एक दिवसही काढू नका. उलट, हा व्यवहार मालाची विक्री नसून करून दिलेले काम आहे असे कोणी म्हटले तर तीन वर्षे काम पूर्ण झाल्यापासून मोजली जातील, आणि छपाई अर्थातच माल पोचण्याच्या आधी संपली होती. मी तुमचा वकील असतो तर डिसेंबरचा पहिला आठवडा हीच शेवटची तारीख धरून चाललो असतो.

एवढ्यावर भागले असते तर उद्याच वादपत्र (न्यायालयात द्यायचा दाव्याचा लेखी अर्ज) लिहायला घ्या, असे सांगून मोकळा झालो असतो. परंतु समोरचा पक्ष सहकारी संस्था आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६४ प्रमाणे संस्थेच्या कामकाजाशी संबंधित कृतीबद्दल संस्थेवर दावा लावायचा असेल तर निबंधकाला, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते, आणि अशी नोटीस दिल्याचा उल्लेख वादपत्रात करावा लागतो. ही नोटीस संस्थेला नव्हे, निबंधकाला द्यायची असते, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. तुमच्याकडे पंचवीस दिवस आहेत आणि हे कलम दोन महिने मागते.

सभासदांना भेट म्हणून वाटलेले मग हे पतसंस्थेचे ‘कामकाज’ होते का, यावर वाद घालता येतो. ठेवी घेणे आणि कर्जे देणे हे तिचे काम, मग वाटणे नव्हे, हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही, कारण या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी अनेकदा संकुचित लावला आहे. मात्र तुमच्या न्यायाधीशांना तो पटेल की नाही, याची हमी मी देणार नाही. नोटीस कायद्यानेच आवश्यक असेल तर मुदत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे नोटिशीचा काळ हिशेबातून वगळला जातो आणि तुम्हाला दोन महिने जादा मिळतात. पण नोटीस आवश्यक नव्हतीच असे ठरले तर ही सवलतही नाही, आणि नोटीस देऊन शहाण्यासारखे थांबलेल्या माणसाचा दावा मुदतबाह्य ठरतो. नोटीस न देता दावा लावावा तर वादपत्र फेटाळले जाण्याची भीती.

या पेचातून बाहेर काढण्याची ताकद त्या पाच हजारांत आहे. मुदत अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने काही रक्कम फेडली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. अट एकच : त्या भरण्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली पाहिजे. पैसे संस्थेच्या खात्यावरील धनादेशाने आले असतील तर त्यावर पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेतच, आणि मग तुमची मुदत ७ ऑगस्ट २०२६ पर्यंत जाते. निबंधकाला नोटीस देऊन, दोन महिने थांबून, सावकाश दावा लावा. सचिवांनी यूपीआयने पाठवले असतील तर प्रश्न उभा राहतो, कारण त्यात कागदावर सही नसते आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला सही मानायचे की नाही यावर मी तुमचे ५३,००० पणाला लावणार नाही. त्यातही ते संस्थेच्या खात्यातून आले की सचिवांच्या स्वतःच्या, हा वेगळा घोळ. आणि रोख मिळाले असतील, तुम्ही पावती दिली असेल आणि त्यांनी काहीच लिहून दिले नसेल, तर मुदतीपुरते ते पाच हजार आलेच नाहीत असे समजा. म्हणून आधी बँकेत जाऊन ऑगस्ट २०२३ चा खातेउतारा काढा. धनादेश असेल तर उताऱ्यात त्याचा क्रमांक दिसेल, आणि तो वटवणाऱ्या बँकेकडून त्याची प्रत मागवता येईल.

धनादेश नसेल तर दुसरा आधार म्हणजे लेखी कबुली. कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी देणे मान्य केले तर तीच नवी तीन वर्षे मिळतात, रक्कम लिहिलेली नसली तरीही. सचिवांचा ‘ताई, मार्चनंतर बघतो, तुमचे पैसे कुठे जात नाहीत’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप तुम्ही अडीच वर्षे उराशी धरून बसलात. त्याच वेळी संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर हे उत्तर लिहिण्याची वेळ आली नसती. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा, हा संकोच मी रोज पाहतो. नंतर तीच ओळखीची माणसे न्यायालयात ‘आम्ही यांना ओळखत नाही’ म्हणतात, तेही रोज पाहतो. त्या निरोपाला सहीची कबुली मानले जाईल का, हे आज सांगता येत नाही, तरी तो जपायलाच हवा. पण तुम्ही गेल्या वर्षी फोन बदलला आणि हाती केवळ स्क्रीनशॉट आहेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. जुना फोन भाचीला दिला असेल तर तो परत आणा आणि त्यातले काही पुसू देऊ नका.

आणखी एक जागा शोधण्यासारखी आहे. पतसंस्था दरवर्षी वार्षिक अहवाल छापून सभासदांना देतात आणि त्यात ताळेबंद असतो. ३१ मार्च २०२३ किंवा त्यानंतरच्या ताळेबंदात किरकोळ देण्यांमध्ये तुमचे नाव किंवा मगांची रक्कम दिसत असेल, तर पदाधिकाऱ्यांच्या सहीचा तो ताळेबंद कबुली म्हणून मांडता येतो. नाव नसेल, सगळी देणी एकाच आकड्यात ओढलेली असतील, तर उपयोग बेताचाच. शेजारीपाजारी एखादा सभासद सापडेलच. त्याच्याकडून तीनही वर्षांचे अहवाल मागून घ्या.

धनादेश नाही, कबुली नाही, अहवालातही काही नाही, अशी स्थिती निघाली तर याच आठवड्यात निबंधकाला नोटीस द्या. तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयात आणि जिल्हा उपनिबंधकांकडेही एकेक प्रत हातोहात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटिशीत तुमचे पूर्ण नाव, पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणी स्पष्ट लिहा. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा दाखल करा आणि कलम १६४ या व्यवहाराला लागू नाही, तरीही सावधगिरी म्हणून नोटीस दिली आहे, असे वादपत्रात लिहा. न्यायालयाने नोटिशीचे दोन महिने पुरे झाले नाहीत म्हणून वादपत्र फेटाळलेच, तर कलम १५ ची सवलत हाती घेऊन जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा या काळात नव्याने दाखल करता येईल, कारण तेव्हा नोटीस आवश्यक होती हे न्यायालयानेच म्हटलेले असेल. तो निर्णय वेळेत होत नाही असे दिसले तर नव्या दाव्याची परवानगी मागून पहिला काढून घेण्याचा विचार तुमच्या वकिलांनी त्याच काळात करावा. आमच्याकडे वादपत्र नोंदवून घ्यायलाच कधीकधी आठवडे जातात, त्यामुळे शेवटच्या दिवशी दाराशी उभे राहू नका.

आता तो ‘ण’. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मगाच्या कानाच्या उजव्या बाजूला संस्थेचे बोधचिन्ह आणि त्याखाली ‘वर्धापणदिन’ स्पष्ट दिसते. मजकूर संस्थेच्या लिपिकाने टाइप करून दिला होता, नमुना तुम्ही पाठवला होता आणि ‘ओके, चालू करा’ असे उत्तर आले होते, हे खरे असेल तर तुमची बाजू चांगली आहे. त्याहून भक्कम मुद्दा असा की, संस्थेने ते मग नाकारले नाहीत, वाटून टाकले. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी कृती खरेदीदाराने केली तर त्याने माल स्वीकारल्याचे मानतात. सभासदांच्या फडताळात जाऊन बसलेले ६०० मग परत करण्याची भाषा आता कोणी करू शकत नाही. स्वीकारलेल्या मालातही दोष होता म्हणून किंमत कमी करा, असे मात्र संस्था कलम ५९ खाली म्हणू शकते, आणि न्यायालय थोडीफार रक्कम कापणारच नाही असे मी म्हणणार नाही.

उद्यम नोंदणीच्या (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या) आधारे, लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे जाता येईल का, असे तुमच्या सनदी लेखापालांनी विचारले आहे. तुमची नोंदणी जून २०२३ ची आहे आणि माल डिसेंबर २०२२ चा. आधी पुरवलेल्या मालाला नंतरच्या नोंदणीचा लाभ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या आशेवर ही पंचवीस दिवसांची मुदत घालवू नका.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. तिथे तुम्हाला लोकअदालतीत आधी तडजोड करून पाहा असे सुचवले जाईल. जरूर जा, पण नुसत्या त्या अर्जाने मुदत थांबली असे समजू नका. तिथे सचिव आलेच तर ‘बघू’ या शब्दावर उठू नका; हप्त्याने देणार असतील तर तेवढेच लिहून त्यावर त्यांची सही आणि संस्थेचा शिक्का घ्या.

शाळेच्या ४०० मगांच्या नव्या ऑर्डरबद्दल जे विचारले आहे, त्याचे उत्तर दावा दाखल झाल्यावर देईन. तूर्त बँकेचा उतारा काढा आणि त्या पाच हजारांसमोर काय लिहिले आहे ते उलटटपाली कळवा.